शेवटचे पन्नास किलोमीटर

माझा हात चालतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला सज्जन समजून फसायला नको. छत्तीस वर्षं मी बेळगावच्या एका मराठी शाळेत गणित शिकवलं. त्यातली बरीचशी छडीच्या जोरावर, आणि छडीवर बंदी आल्यानंतरची डस्टरच्या, आणि कुणी बघत नसेल तेव्हा परत छडीच्याच जोरावर. रस्त्यात जुने विद्यार्थी भेटतात, वाकून नमस्कार करतात आणि म्हणतात, "सर, तुमी मारलासा म्हणून आमी माणसात आलो." मला ते ऐकायला फार आवडायचं. जे विद्यार्थी मला बघून रस्ता बदलतात ते माणसात आले की नाही, याची चौकशी मी कधी केली नाही.

घरीही तेच. माझे वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होते. हाताला येईल त्याने ते आम्हा भावांना झोडायचे आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. मला एकुलती एक मुलगी. तिलाही मी मारत आलो. दोन वर्षांपूर्वी टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिला बघायला पाहुणे आले होते. तिने त्यांच्या हातात चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, की मला लग्न करायचं नाही, तुमचा वेळ गेला, माफ करा. पाहुणे उठायच्या आत मी तिच्या कानाखाली वाजवली. पंचवीस वर्षांची होती ती. त्याच संध्याकाळी ती पुण्याला, नोकरीच्या गावी निघून गेली. तीन दिवस तिच्या कानात शिट्टी वाजत होती, हे मला तिच्या आईने महिन्याभराने सांगितलं. त्यानंतर ती घरी आली नाही. भेटायचं तर आई पुण्याला जायची. मला साधा निरोपसुद्धा नसायचा.

निवृत्तीनंतर मी सायकल धरली. आमचा गट दहा जणांचा. म्होरके हाडांचे डॉक्टर. घरी कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी, आणि चढावर दोन्ही भाषांतून शिव्या देतात. एकदा त्यांनी मोबाइलवर पोर्तुगालच्या किनाऱ्यावरून सायकली हाकणाऱ्या गोऱ्या म्हाताऱ्यांची चित्रफीत दाखवली. म्हणाले, "तितं जायाला आपल्याला जमणार न्हाई. पोर्तुगीज सोडून गेले त्या किनाऱ्यावर जाऊ." ठरलं. चोर्ला घाट उतरायचा, तेरेखोलपासून काणकोणपर्यंत समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, अनमोड घाट चढून लोंढ्यामार्गे परत यायचं. सहा दिवस.

मुलगीही पुण्यात सायकल चालवते, हे मला माहीत नव्हतं. तिच्या आईने काय सूत्रं हलवली कुणास ठाऊक, एका रविवारी मुलीचा फोन मला आला. नमस्कार नाही, कसे आहात नाही.

"आप्पा, मी तुमच्यासंगं येते. सगळे दिवस. कुणावर हात उचलला न्हाईसा तर शेवटच्या दिवशी घरापर्यंत येते, दिवाळी करून जाते. उचललासा तर तिथनंच पुण्याला. मग परत बोलवू नका."

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडलो. बायकोने गॅस बारीक केला.

ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. म्हापशाच्या पुढे एका गाडीवाल्याने मागे न बघता दार उघडलं आणि मी सायकलसकट गटारात गेलो. गुडघा सोलला. तो काळा चष्मा लावून खाली उतरला आणि मलाच म्हणाला, अंकल, देख के. त्याचा गळा माझ्यापासून हातभर लांब होता. मी दोन्ही मुठी जर्सीच्या मागच्या खिशात कोंबल्या आणि दात आवळून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी एका कुत्र्याने पोटरी धरली, त्यालाही नुसतं झटकून टाकलं. मुलगी लांबून सगळं बघत होती. माझ्या अंगात हे सगळं साचत चाललं होतं, आणि मला वाटत होतं यालाच संयम म्हणतात.

काणकोणला ती माझ्या शेजारी वाळूत बसून मासे खात होती आणि एकदा हसली. अनमोडच्या चढावर माझा श्वास तुटायला लागला तेव्हा ती बाजूला आली, डाव्या हाताने हँडल धरलं आणि उजव्या हाताने माझी पाठ ढकलत राहिली. दोन किलोमीटर. तिच्या तळव्याची ऊब मला शर्टातून लागत होती आणि मी मनात म्हणत होतो, पोचलो, आता पोचलोच.

त्या घाटातच आमच्यातल्या एकाचं मागचं चाक गेलं. तारा तुटल्या, चाक वाकडं झालं. ते सरळ करण्यात दिवस गेला आणि आम्हाला लोंढ्यात मुक्काम करावा लागला. घरी पोचायचं होतं एकतीस ऑक्टोबरला. उजाडली एक नोव्हेंबर.

बाहेरच्या माणसाला यात काय विशेष ते कळणार नाही. या दिवशी आमच्या राज्याचा वाढदिवस असतो. अर्धं गाव लाल-पिवळे झेंडे घेऊन मिरवणुकीत नाचतं, आणि आम्हाला या राज्यात का घातलं असं म्हणणारं उरलेलं गाव काळे कपडे घालून निषेधाची फेरी काढतं. ती फेरी सायकलवरून निघते. कॉलेजात असल्यापासून मी त्या फेरीत जात आलो. म्हणजे एक नोव्हेंबरला बेळगावात काळे कपडे घालून सायकलवर बसलेला माणूस कोण, हे पहिलीतलं पोरही सांगेल.

आणि आमच्या पिशव्यांत शेवटच्या दिवशीच्या फोटोसाठी राखून ठेवलेल्या अकरा कोऱ्या जर्सी होत्या. काळ्याकुट्ट. मळ दिसत नाही म्हणून आम्हीच सर्वानुमते हा रंग ठरवला होता. तेव्हा एकतीस तारीख धरलेली. बाकीचे कपडे घामाने, खाऱ्या पाण्याने आंबलेले.

लोंढ्याला सकाळी चहा पिताना डॉक्टरांनी तोडगा काढला. कापड मुळात पांढरं होतं, काळी छपाई फक्त बाहेरून. "उलटी घालूया," ते म्हणाले. "घरी गेल्यावर सुलटी करून फोटो काढूया." सगळे हसले. मराठी, कन्नड, सगळ्यांनी जर्सी उलट्या केल्या, शिवणी बाहेर, लेबल गळ्याशी लोंबतंय. मुलीनेही केली.

मी केली नाही.

"सर, आज एक दिवस," डॉक्टर म्हणाले.

"मी काय चोरी केलोय? माझ्या गावात मी कुठला रंग घालायचा हे मला कोण सांगणार?"

"कोण सांगालंय? उगंच कशाला वाद म्हणतो मी."

मुलगी माझ्याजवळ आली. आवाज खाली ठेवून म्हणाली, "आप्पा, उलटी घाला. माझ्यासाठी."

तिने आयुष्यात माझ्याकडे फार थोड्या गोष्टी मागितल्या असतील. मी म्हणालो, "हात उचलायचा न्हाई एवढंच ठरलं होतं. कपड्याचं काय ठरलं नव्हतं." वकिली उत्तर दिल्याचा मला आनंद झाला. ती हेल्मेटचा पट्टा लावून निघून गेली. अकरा जणांत मी एकटा काळा.

घर पन्नास किलोमीटरवर होतं. खानापूरला बायकोचा फोन आला. कुठपर्यंत आलात, तिला काय आवडतं ते सगळं केलंय, म्हणाली. मी म्हणालो, दोन तासांत. माझा आवाज कापत होता आणि तो आनंदाने कापत होता, हे मला लपवायचं नाही.

खानापूर सोडून बरंच पुढे आल्यावर, एका फाट्यावरच्या चहाच्या टपरीसमोर एक टेम्पो उभा होता. आठ-दहा तरुण, गळ्यात लाल-पिवळे पंचे, मिरवणुकीला निघालेले. मला बघून दोघे रस्त्यात आडवे झाले. शिट्ट्या सुरू झाल्या. एकाने माझं हँडल धरलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, काढ ते अंगातलं. मागून कुणीतरी माझ्यावर पाण्याची बाटली ओतली. पाणी मानेवरून पाठीत गेलं. माझे कान तापले, पण मी हात हँडलवरच ठेवले.

डॉक्टर पुढे आले. त्यांनी कन्नडमध्ये सगळं समजावलं, गोवा, घाट, मोडलेलं चाक, उलट्या जर्सी. आपल्या गळ्याशी लोंबणारं लेबल दाखवलं. पोरं हसायला लागली. हँडल धरणाऱ्याने हात सोडला. टपरीवाल्याने चहा विचारला. म्हणजे मिटलं होतं. इथे मी जोर देऊन सांगतो, मिटलं होतं.

तेवढ्यात टेम्पोतून एक जण खाली उतरला. बावीस-तेवीसचा, दाढी कोरलेली.

"सर, वळखलासा काय?"

मी ओळखलं नाही. मी त्यांचे चेहरे कधीच लक्षात ठेवले नाहीत.

"नववी ब. प्रमेय आलं न्हाय म्हणून पंधरा छड्या मारल्यासा. आठ दिवस पेन धरायला येत नव्हतं मला." तो हसत होता, सोबत्यांना ऐकवत होता. "त्याच्या म्होरं शाळाच सोडलो."

आमच्या शाळेतला पोरगा. मराठीतून शिकलेला, शुद्ध आपल्या बोलीत बोलणारा, आणि गळ्यात तो पंचा. मला आधी तेच झोंबलं. शाळा सोडल्याचं वाक्य मला ऐकू आलं होतं, पण ते मी बाजूला सारलं.

तो माझ्यासमोर आला आणि त्याने हात पुढे केला. तळवा वर, बोटं जुळवलेली, कोपर कमरेला टेकवलेलं. छडी खाताना वर्गात पोरं धरतात तसा.

"मारा की, सर. आज मारून दावा. आज आमचा दिवस हाय."

पोरं हसली. कुणीतरी मोबाइल वर धरला. डॉक्टर म्हणाले, "सर, चला." मुलगी म्हणाली, "आप्पा."

मी सायकलच्या दांडीला अडकवलेला हवा भरायचा पंप सोडवला. लोखंडी, हातभर लांब. आणि त्या तळव्यावर मारला.

मी खरंच मारेन असं त्याला वाटलं नव्हतं. तळव्यावर पंप बसला तरी त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, त्याला मागे घ्यायला वेळच मिळाला नाही. दुसरा फटका कोपरावर. तिसरा कानशिलावर; भुवई फाटली आणि डोळा रक्ताने भरला. तो खाली बसला. मी बसलेल्याला मारलं. पाठीवर, खांद्यावर, डोकं झाकणाऱ्या हातांवर. म्हापशाचा गाडीवाला, कुत्रं, पाणी ओतणारा, पाहुण्यांसमोर नाही म्हणणारी पोरगी, सगळ्यांना मी त्याच्यात मारत होतो. माझ्या पाठीवर झेंड्याची काठी बसत होती, कुणीतरी बरगड्यांत लाथ घातली, हेल्मेटवर दगड आदळला. मला काहीच लागत नव्हतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. सात दिवसांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

मग मुलगी मध्ये आली. ती गुडघ्यांवर बसली, त्या पोराच्या अंगावर वाकली आणि आपला हात वर धरला. पंप तिच्या मनगटाच्या वर बसला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं, ती मला दिसली नाही. ते खोटं आहे. पंप खाली यायला लागला तेव्हा तिचा हात मला दिसला होता. थांबवता आला असता का? आयुष्यभर वेळ, अंतर, वेग शिकवलाय मी. आला असता.

ती ओरडली नाही. हात पोटाशी धरून बसून राहिली. हाणामारी तिथेच थांबली. ज्या पोरांनी मला लाथा घातल्या त्यांनीच टेम्पोचा मागचा फाळका खाली टाकला, झेंडे बाजूला सारले, तिला आणि त्या भुवई फुटलेल्याला वर चढवलं. डॉक्टरांनी सायकलच्या पंपाचाच आधार देऊन एका पंच्याने तिचा हात बांधला. मीही चढलो. कुणी अडवलं नाही, कुणी जागाही दिली नाही. पुढच्या सगळ्या वाटेत मी त्या झेंड्यांच्या मध्ये काळी जर्सी घालून उभा होतो. ती समोर बसली होती आणि मधूनमधून शेजारच्या पोराला विचारत होती, "चक्कर येत्याय काय रं?"

दवाखान्यात पोचायच्या आत चित्रफीत गावभर झाली होती. त्यात मी मारताना दिसत होतो, मार खाताना दिसत होतो, आणि शेवटी मुलगी हात धरून बसलेली. तिला कुणी मारलं ते गर्दीत दिसत नव्हतं. एवढं पुरे होतं. तिचं प्लॅस्टर ओलं असतानाच आपली माणसं आली, फेरीतून तशीच, काळ्या सदऱ्यांत. माझे खांदे दाबले. एक जण म्हणाला, "सर, या वयात वाघासारखं लढलासा." दुसऱ्याने मोबाइल मुलीसमोर धरला. "ताई, तुमच्यावर हात टाकला त्यांनी. दोन वाक्यं बोला. उद्या बाजार बंद करतो."

खोटं तयार होतं. मला ते बोलायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसलं तरी भागणार होतं. मी गप्प बसलो. बाकावर पलीकडे तो पोरगा भुवईला टाके घालून बसला होता. त्याच्याही बाजूची चार माणसं आली होती आणि दारात हवालदार उभा होता. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मी बोलावं म्हणून तिने मला पुरेसा वेळ दिला, हे मला तेव्हाही कळत होतं. मी जमिनीकडे बघितलं.

"मला आप्पानी मारलं," ती मोबाइलमध्ये बघून म्हणाली. "या पोरांनी न्हाई. आप्पानी."

मोबाइल खाली आला. मग जे झालं ते मी आमच्या गावात कधी बघितलं नव्हतं. दुकानाच्या पाटीवरून एकमेकांची डोकी फोडणारी माणसं एका मिनिटात एक झाली. आपला माणूस म्हणाला, जाऊ दे ताई, चुकून लागलं असंल. त्यांचा माणूस म्हणाला, बापच हाय, बापाचं काय मनावर घ्यायचं. आपल्याने त्यांच्याकडे बघून मान हलवली, त्यांच्याने आपल्याकडे बघून. हवालदार म्हणाला, "सर, समजावा की तिला. घरचं घरात मिटवा. पोराचं बी बघू कायतरी." आणि मी, ज्याच्यासाठी हे सगळे जमले होते तो मी, मनात म्हणत होतो, ऐक गं बाई यांचं.

ती म्हणाली, "लिहून घ्या."

"कुणाविरुद्ध?"

"वडलांविरुद्ध. माझं बी आणि ह्या पोराचं बी."

सगळे पांगले. दोन्हीकडचे. उपयोगाचं काही उरलं नव्हतं. बायको तेवढ्यात धावत आली होती. ती मुलीच्या बाजूला बसली, माझ्या नाही. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हवालदाराने नाइलाजाने कागद काढला आणि कन्नडमध्ये लिहायला लागला. मुलगी वाकून प्रत्येक ओळ वाचत होती. फाट्यावरचं झालं. पंप, मनगट, पोराची भुवई.

"याच्या आदी कदी मारलेत?" त्याने विचारलं.

तिने पाहुण्यांचा दिवस सांगितला. कान सांगितला.

"त्याच्या आदी?"

तिने प्लॅस्टरचा हात उचलून मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"लहानपणचं मला नीट आठवत न्हाई," ती म्हणाली. "तुमाला आठवत असंल, आप्पा. तुम्हीच सांगा."

मला आठवत होतं. सगळं. कुठे, कशाने, किती, आणि दर वेळी तिने काय घातलं होतं तेही.

"पहिलीत असताना," मी म्हणालो, "सातचा पाढा चुकला म्हणून. लाकडी पट्टीनं, पायांवर."

हवालदाराने पेन थांबवून वर बघितलं.

"लिहा," मी म्हणालो, आणि त्याच्या पुढचं सांगायला लागलो.